नव्या भागात बदली झाल्यावर : दक्षिण भारतात सेवा करणाऱ्या मराठी मिशनऱ्यांसाठी मार्गदर्शन

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या मिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या धर्मप्रसाराच्या सेवेवर, असलेल्या तरुणाला किती काळ झाला असे विचारले, तर तो बहुधा महिने सांगत नाही, ट्रान्सफर सांगतो. साधारणपणे दर सहा आठवड्यांनी मिशन प्रेसिडेंट (विभागातील सर्व मिशनऱ्यांचे प्रमुख) कोणी कोठे आणि कोणाबरोबर राहायचे हे नव्याने ठरवतात, आणि एल्डरांच्या (पुरुष मिशनऱ्यांच्या) 24 महिन्यांच्या किंवा सिस्टरांच्या (स्त्री मिशनऱ्यांच्या) 18 महिन्यांच्या सेवेत प्रत्येकाच्या वाट्याला अशा अनेक बदल्या येतात. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. त्यांतले निम्मे रस्ते, माणसे आणि स्वयंपाकघर ओळखण्यात गेले, तर कामासाठी फार थोडे उरतात. काही जण एकाच भागात चार-पाच महिने राहतात हे खरे, परंतु ते आधी कोणालाच ठाऊक नसते.

हा लेख प्रामुख्याने मुंबई, पुणे किंवा महाराष्ट्रातील अन्य ठिकाणच्या, तसेच गोव्यातील मराठी घरांतून निघून कर्नाटक, तामीळनाडू, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात सेवा करणाऱ्यांसाठी आहे. बंगळुरू येथे केंद्र असलेले मिशन (मिशनऱ्यांच्या कामाचा विभाग) 1993 मध्ये सुरू झाले, 2007 मध्ये नवी दिल्लीचे मिशन वेगळे झाले, आणि 2012 मध्ये हैदराबाद येथे भारतातील पहिला स्टेक (अनेक स्थानिक मंडळ्यांचा गट) स्थापन झाला. म्हणजे ज्या ब्रांचमध्ये (लहान स्थानिक मंडळीत) किंवा वॉर्डमध्ये (मोठ्या मंडळीत) तुम्ही पाऊल ठेवणार आहात, तेथील काही सदस्यांनी तुमच्या जन्माआधीपासून मिशनऱ्यांच्या जोड्या येताना आणि जाताना पाहिल्या असण्याची शक्यता आहे. भाग तुम्हाला नवा वाटला, तरी तेथील काम नवे नसते. तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी अर्ध्यावर राहिलेल्या कामात मधूनच शिरत असता. पुढील सर्व सूचनांमागे हीच एक समजूत आहे.

आणखी एक खुलासा. चर्चने 2018 पासून ‘मॉर्मन’ या टोपणनावाऐवजी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. शेजारीपाजारी आणि नातेवाईक जुनेच नाव वापरतात, त्यांना वापरू द्यावे. तुम्ही मात्र स्वतःची ओळख करून देताना पूर्ण नाव सांगावे.

निघण्यापूर्वी

बदलीचा निरोप आणि प्रत्यक्ष प्रवास यांत फारच थोडे दिवस असतात, त्यामुळे बहुतेकांचा वेळ निरोप घेण्यात जातो. निरोप अवश्य घ्यावा, परंतु त्याच्या जोडीने दोन कामे टाळू नयेत. पहिले म्हणजे फोनमधील एरिया बुकमधल्या, म्हणजे भागातील माणसांच्या आणि भेटींच्या नोंदवहीतल्या, नोंदी पूर्ण करणे. त्याविषयी शेवटी सविस्तर लिहिले आहे. दुसरे म्हणजे सामान कमी करणे. रेल्वेच्या स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात प्रत्येक प्रवाशाला 40 किलो सामान विनाशुल्क नेता येते, पण चेन्नई सेंट्रलच्या गर्दीत दोन बॅगा आणि पुस्तकांचे खोके सांभाळताना त्या नियमाचा काही उपयोग होत नाही. भांडी, बादल्या, जाडजूड पांघरुणे मागेच ठेवावीत. दैनंदिनी, ओळखपत्रे, औषधे, चष्म्याची जादा जोडी आणि सहज काढता येणारे बिनबंदाचे बूट मात्र हाताशी असावेत, कारण दक्षिणेत दिवसभरात प्रत्येक घराच्या दारात पादत्राणे काढावी लागतात आणि बंद सोडण्या-बांधण्यात यजमान ताटकळत उभे राहतात.

पहिली संध्याकाळ

पोहोचल्या दिवशी काहीही मोठे करू नये. घर पाहावे: गॅसचा रेग्युलेटर नीट बंद होतो का, पंख्याचे आणि दिव्यांचे बटण चटका तर देत नाही ना, दाराची कडी आतून पक्की बसते का, पिण्याचे पाणी कोठून येते आणि वापरायचे कोठून. चेन्नई आणि बंगळुरूच्या अनेक वस्त्यांत नळाचे, बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या टाकीत येते. कोणते पाणी गाळून किंवा उकळून प्यायचे, हे आधीपासून राहणाऱ्या साथीदाराला त्याच दिवशी विचारून घ्यावे. घरमालकांना दोघांनी मिळून भेटावे, नाव सांगावे आणि रात्री दार किती वाजता बंद होते हे विचारावे. साथीदार परदेशी असेल तर त्याच्या वास्तव्याची नोंद सरकारदरबारी झाली आहे की नाही याची मिशन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. घरमालकाला पुढे त्रास होऊ नये, यासाठीही हे आवश्यक आहे. फोनमध्ये डिस्ट्रिक्ट लीडर (जवळपासच्या काही जोड्यांचा प्रमुख मिशनरी), ब्रांच प्रेसिडेंट, मिशन कार्यालय, जवळचे रुग्णालय, तसेच आणीबाणीचा 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे क्रमांक पाहून ठेवावेत.

बाकी बॅगा उघडणे सकाळवर ढकलले तरी चालेल. दिवस साधारण साडेसहाला सुरू होतो आणि साडेदहाला दिवे मालवायचे असतात. पहिल्याच रात्री ही घडी मोडली की आठवडाभर ती बसत नाही.

साथीदाराशी बोलणे

मिशनवर कोणीही एकटा काम करत नाही. जोडीदार नेहमी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावा हा नियम आहे, त्यामुळे ज्याच्याशी ओळखही नाही अशा माणसाबरोबर तुम्ही अचानक अष्टौप्रहर राहू लागता. तो राजमहेंद्रीचा असेल, युटामधला असेल किंवा ईशान्य भारतातला असेल. लग्न ठरवताना दोन घरांत जेवढी चौकशी होते, तिच्या शतांशही येथे होत नाही. म्हणून ती पहिल्या एक-दोन दिवसांत स्वतःहून करावी.

कशाबद्दल बोलावे? सकाळी स्नानाला आधी कोण जाणार, स्वयंपाक कोणाला येतो, घर कोणत्या दिवशी झाडायचे, अभ्यास मोठ्याने वाचून करायचा की मनात, राग आला की गप्प बसण्याची सवय कोणाला आहे, आणि घरच्यांशी बोलण्याचा फोन तयारीच्या दिवशी (आठवड्यातील घरकामासाठी मोकळ्या दिवशी) कोणत्या वेळी करायचा. 2019 पासून मिशनऱ्यांना दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. युटामधील आणि कोल्हापुरातील घड्याळांत जवळजवळ अर्ध्या दिवसाचे अंतर असते, आणि त्यावरून होणारी कुरबूर टाळायची असेल तर वेळ आधीच ठरवावी. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. मात्र जोड्या तुटेपर्यंत ताणल्या जातात त्या श्रद्धेच्या प्रश्नांवरून क्वचितच. त्या ताणल्या जातात न घासलेल्या कढईवरून.

एक वाक्य मात्र पहिले दोन आठवडे तोंडातून काढू नये: ‘आमच्या आधीच्या भागात आम्ही असे करत होतो.’ ते कितीही चांगल्या हेतूने उच्चारले तरी ऐकणाऱ्याला त्यात आपल्या कामाची निंदा ऐकू येते. जुन्या भागातील एखादी पद्धत खरोखर चांगली असेल, तर ती आठवड्याच्या नियोजनाच्या बैठकीत नवी सूचना म्हणून मांडावी. त्याच बैठकीच्या शेवटी दोघांनी एकमेकांविषयीच्या तक्रारी आणि कृतज्ञता मोकळेपणाने बोलण्याची जी पद्धत आहे, ती उरकून टाकू नये.

साथीदार त्या भागात आधीपासून असेल तर त्याचे ऐकावे, पण त्याचे मत आणि त्याची माहिती यांत फरक करावा. ‘ते कुटुंब दर गुरुवारी संध्याकाळी घरी असते’ ही माहिती आहे. ‘त्या घरात जाण्यात अर्थ नाही’ हे मत आहे, आणि ते बहुधा थकलेल्या माणसाचे असते. अशा घरी नव्या साथीदाराबरोबर पुन्हा एकदा जाऊन पाहावे. दोघेही एकाच वेळी नवे असण्याचा प्रसंगही येतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही; त्यात कोणाचे पूर्वग्रह सोबत येत नाहीत, पण वाट दाखवणाराही नसतो, म्हणून मागच्या जोडीशी ट्रान्सफरच्या दिवशीच फोनवर बोलून घ्यावे आणि पहिल्या संध्याकाळीच ब्रांच प्रेसिडेंटांना भेटण्याची वेळ मागावी.

नोंदी वाचणे

दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाच्या वेळेत एरिया बुक उघडावे. पूर्वी हे कागदाच्या फायलींचे जाडजूड बाड असे. आता सर्व फोनमध्ये आहे. त्यात सध्या कोणाला धडे दिले जात आहेत, पूर्वी कोण शिकत होते आणि थांबले, कोणते सदस्य बऱ्याच काळापासून रविवारी आलेले नाहीत, कोणी कोणाची ओळख करून दिली, हे सारे टिपलेले असते. या नोंदी शेवटून आधीच्या क्रमाने वाचाव्यात आणि वाचताना स्वतःला तीनच प्रश्न विचारावेत: या व्यक्तीला शेवटी कोणते वचन दिले होते, ते पाळले गेले का, आणि ब्रांचमधील कोणता सदस्य तिला ओळखतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे असेल तर त्या नावापुढे खूण करून ठेवावी, कारण ज्याचा ब्रांचमध्ये एकही मित्र नाही, तो मिशनऱ्यांची जोडी बदलली की हमखास दूर जातो.

दक्षिणेतील नावे वाचताना मराठी माणसाचा गोंधळ होतो. तामीळनाडूत बहुतेकांना आपल्या अर्थाने आडनाव नसते. नावाआधीचे आद्याक्षर वडिलांच्या नावाचे असते आणि विवाहानंतर स्त्रियांचे ते बदलूही शकते, त्यामुळे एकाच घरातील चार माणसे नोंदीत चार वेगळ्या कुटुंबांसारखी दिसतात. तेलुगू नावांत घराण्याचे नाव आधी येते आणि तेही अनेकदा एका अक्षरात आटोपते. म्हणून नोंदीतील नावांवरून कुटुंबे जुळवण्याऐवजी पत्त्यावरून आणि फोन क्रमांकावरून जुळवावीत, आणि शंका राहिलीच तर ब्रांचच्या लिपिकाला विचारावे.

या नोंदी लोकांच्या खाजगी आयुष्याच्या आहेत. बसमध्ये किंवा चहाच्या टपरीवर उभे राहून त्या वाचू नयेत.

ब्रांचमधील माणसे

भारतात मिशनऱ्यांनी अनोळखी दारे ठोठावण्यापेक्षा सदस्यांच्या ओळखीतून काम करावे, हेच हिताचे आणि शहाणपणाचे आहे. त्यामुळे नव्या भागातील पहिला रविवार हा साऱ्या आठवड्याचा कणा ठरतो. सभेला अर्धा तास आधी पोहोचून खुर्च्या मांडायला हातभार लावावा, दारात उभे राहून प्रत्येकाचे नाव विचारावे, आणि नाव ऐकले की ते त्याच क्षणी एकदा मोठ्याने उच्चारावे. सॅक्रामेंट सभा (रविवारची मुख्य उपासना) आणि त्यानंतरचा वर्ग मिळून दोन तासांत सर्व संपते. खरी ओळख सभा संपल्यानंतरच्या वीस मिनिटांत होते, तेव्हा घाईने निघू नये.

सोमवार ते शनिवार ज्या घरी जाल तेथे पहिल्या भेटीत धडा देण्याचा आग्रह धरू नये. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला आधी अभिवादन करावे, मुलांची नावे विचारावीत, घरात कोणी आजारी असेल तर त्याची चौकशी करावी, आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘तुम्ही चर्चमध्ये कसे आलात?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात त्या भागाचा पंचवीस वर्षांचा इतिहास, कोणत्या दोन कुटुंबांत अबोला आहे, कोणाच्या घरी लग्नाला विरोध झाला, कोणाचा मुलगा स्वतः मिशनवर गेला आहे, हे न विचारता कळते. ऐकलेले दुसऱ्या घरी सांगू नये, हे वेगळे लिहायची गरज नसावी. तरीही लिहितो, कारण दोन घरांमधला निरोप्या होण्याचा मोह नव्या मिशनऱ्याला फार असतो.

ब्रांच प्रेसिडेंटांना भेटताना ‘आम्ही काय करावे अशी आपली इच्छा आहे?’ असे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. ते बिनपगारी काम करणारे गृहस्थ असतात, नोकरी आणि संसार सांभाळून हे करतात. त्यांच्या घरी रात्री उशिरा फोन करू नये. रिलीफ सोसायटी या महिला संघटनेच्या अध्यक्षा आणि एल्डर्स क्वोरम या पुरुषांच्या गटाचे अध्यक्ष यांनाही त्याच आठवड्यात भेटावे. माझ्या अनुभवाप्रमाणे रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षांना कोणत्या घरात काय चालले आहे हे इतर सर्वांपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते.

पत्ते आणि रस्ते

नकाशा फोनमध्ये असतोच, पण दक्षिणेतील पत्त्यांची स्वतःची रीत आहे. बंगळुरूत गल्ल्यांना ‘क्रॉस’ आणि त्यांना छेदणाऱ्या रस्त्यांना ‘मेन’ म्हणतात, त्यामुळे ‘सातवा मेन, चौथा क्रॉस’ हा पत्ता कोणत्या ब्लॉकमधला किंवा स्टेजमधला, हे विचारल्याशिवाय निरुपयोगी असतो. तीच जोडी शहरात अनेक ठिकाणी सापडते. चेन्नईत घरांना जुना आणि नवा असे दोन क्रमांक असतात आणि लोक कधी हा सांगतात, कधी तो. हैदराबाद आणि आंध्रातील दारक्रमांक आडव्या आणि तिरप्या रेघांनी जोडलेल्या आकड्यांची माळ असते. तो पूर्ण लिहून घ्यावा, एकही आकडा गाळू नये. या सर्वांवर उपाय जुनाच आहे: जवळची खूण विचारावी, पेट्रोल पंप, शाळा किंवा मेडिकलचे दुकान, आणि तीच नोंदीत लिहावी.

पहिल्या आठवड्यात शक्य तेवढे पायी किंवा बसने फिरावे. चेन्नईची शहर बससेवा एमटीसी या नावाने ओळखली जाते, आणि मिशनऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रालाही एमटीसीच म्हणत असल्याने नव्या एल्डरला बसथांब्यावर थोडा वेळ आश्चर्य वाटते. ज्या मार्गाने वारंवार जावे लागते त्याचा बस क्रमांक, शेवटच्या गाडीची वेळ आणि शेअर रिक्षाचे नेहमीचे भाडे टिपून ठेवावे. भाडे आधी विचारून मगच बसावे. आठवड्याचे नियोजन करताना एकाच बाजूच्या भेटी एकाच दिवशी ठेवल्या की वेळही वाचतो आणि महिन्याच्या भत्त्यातील प्रवासखर्चही आटोक्यात राहतो.

भाषा

मराठी माणसाला वाटते की हिंदी सर्वत्र चालते. हैदराबादेत दखनी बोलणाऱ्यांशी ती बऱ्यापैकी चालते, बंगळुरूत निभावते, तामीळनाडूत मात्र हिंदीपेक्षा मोडकीतोडकी इंग्रजी बरी, आणि इंग्रजीपेक्षा मोडकीतोडकी तमिळ कितीतरी बरी. सभा अनेक ठिकाणी इंग्रजीत होतात, म्हणून काही मिशनरी स्थानिक भाषेकडे दुर्लक्ष करतात. त्याचा परिणाम असा होतो की घरातील शिकलेल्या मुलांशी संवाद होतो आणि आजी कोपऱ्यात नुसती हसून बसते, वास्तविक घरातील निर्णय तिच्या होकारावर अवलंबून असतो.

पहिल्या दहा दिवसांत पुढील गोष्टी पाठ कराव्यात: अभिवादन, नाव विचारणे, ‘मी शिकतो आहे, सावकाश बोला’, आभार, एक ते शंभर आकडे, आणि छोटी प्रार्थना. तमिळमध्ये ‘वणक्कम’ आणि पाठोपाठ ‘साप्टींगळा’, म्हणजे जेवलात का. तेलुगूत ‘नमस्कारम’, आणि आदराने बोलताना नावापुढे ‘गारू’. कन्नडमध्ये ‘नमस्कार’ आपलाच आहे. अण्णा आणि अक्का ही संबोधने तमिळ, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत थोड्याफार फरकाने चालतात, आणि मराठी घरांतही ती परकी नाहीत, त्यामुळे तेवढ्यापुरती तुमची तयारी आधीच झालेली आहे. पूर्वी अन्य चर्चमध्ये असलेले तेलुगू कुटुंब ‘वंदनालु’ म्हणून आणि तमिळ कुटुंब ‘स्तोत्रम’ म्हणून स्वागत करते. त्याला मनापासून प्रतिसाद द्यावा, लगेच आपली शब्दावली शिकवू नये.

या संदर्भात एक जुना दाखला पुण्याशी निगडित आहे. 1850 च्या दशकात याच चर्चचे ह्यू फिंडले मुंबईत आणि पुण्यात कार्य करत होते. कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत पसरलेल्या त्या वेळच्या प्रयत्नांची मजल प्रामुख्याने छावण्यांतील आणि वसाहतींतील युरोपीय लोकांपर्यंतच गेली, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक मिशनरी परतले. विरोध, हवामान, अंतर अशी कारणे अनेक होती. तरी ज्यांच्या देशात आपण आहोत त्यांच्या भाषेत त्यांच्या ओसरीपर्यंत न पोहोचणे हे त्यांतले एक मोठे कारण होते, असे मला वाटते.

चहा, कॉफी आणि ताट

चर्चच्या आरोग्यविषयक नियमाप्रमाणे चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहेत. मद्य आणि तंबाखू नाकारण्यात कोणालाच अवघड वाटत नाही. खरी परीक्षा होते ती तमिळ घरातील फिल्टर कॉफी पुढे आल्यावर, कारण ती नाकारणे म्हणजे आतिथ्य नाकारणे असा अर्थ होऊ शकतो. यावर उपाय हा की पेला पुढे येण्याआधीच बोलावे. घरात शिरून बसताच, यजमानीण स्वयंपाकघराकडे वळण्यापूर्वी, हसून सांगावे की आम्ही चहा-कॉफी घेत नाही, पण आपल्या हातचे ताक मिळाले तर फार बरे वाटेल. तमिळमध्ये ताकाला मोर, तेलुगूत मज्जिगा, कन्नडमध्ये मज्जिगे म्हणतात. ताक नसेल तर लिंबू सरबत, हॉर्लिक्स, बूस्ट किंवा साधे पाणी मागावे. काहीतरी मागणे महत्त्वाचे आहे. ‘काही नको’ हे उत्तर सर्वांत वाईट. कारण विचारले तर दोन वाक्यांत सांगावे, प्रवचन देऊ नये.

जेवणाचे म्हणाल तर पोळी-भाकरीची आठवण पहिल्या पंधरवड्यात फार येते. उकडा तांदूळ पोटाला जड वाटतो, आंध्रातील गोंगुरा आणि लोणची डोळ्यांत पाणी आणतात, कर्नाटकच्या ग्रामीण भागातील नाचणीचा मुद्दे चावायचा नसतो, तो सारात बुडवून गिळायचा असतो. थोडे वाढून घ्यावे आणि वाढलेले संपवावे. केळीच्या पानावर जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूला मिटावे. घरी रांधताना मुगाची खिचडी, पिठले आणि बाजारातून आणलेली ज्वारी एवढ्यावरही मन सांभाळता येते, आणि साथीदारालाही मराठी चव कळते. तो दर वेळी कौतुक करेलच असे नाही.

कायद्याचे आणि शेजाऱ्यांचे भान

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 25 ने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क समाविष्ट नाही असे स्पष्ट केले. राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत आणि बदलतही असतात. कर्नाटकात 2022 मध्ये धर्मांतरविषयक कायदा झाला आणि 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. तामीळनाडूने 2002 चा कायदा नंतर मागे घेतला. आंध्र प्रदेशात 2007 पासून ठरावीक धर्मस्थळांच्या परिसरात अन्य धर्माच्या प्रचारास मनाई आहे. म्हणून राज्य बदलले की मिशन प्रेसिडेंटांच्या त्या राज्यासाठीच्या सूचना पुन्हा वाचाव्यात, आणि आधीच्या राज्यात जे चालत होते ते येथेही चालेल असे गृहीत धरू नये.

कायद्याच्या तपशिलापलीकडे काही मर्यादा कायमच्या पाळाव्यात. पैसे, नोकरी, शाळेची फी, परदेशाची आशा यांपैकी कशाचाही उल्लेख ओझरतासुद्धा करू नये. अल्पवयीन व्यक्तीच्या बाबतीत पालकांची आणि विवाहित व्यक्तीच्या बाबतीत जोडीदाराची संमती असल्याशिवाय बाप्तिस्म्याकडे पाऊल टाकू नये. हा चर्चचाच नियम आहे. दुसऱ्याच्या देवाविषयी, मूर्तीविषयी किंवा सणाविषयी चेष्टेचा सूर कानावर पडला तर साथीदारालाही थांबवावे. घरात एकटीच स्त्री असेल तर एल्डरांनी आत जाऊ नये, आणि एकट्या पुरुषाच्या घरी सिस्टरांनी जाऊ नये. भेटीसाठी जबाबदार सदस्याला सोबत घ्यावे. कोणी उभे राहून जाब विचारू लागले तर वाद न घालता नम्रपणे निघून यावे आणि त्याच दिवशी वरिष्ठांना कळवावे. लोकांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस असेल तर ती घरी परतेपर्यंत राखून ठेवावी.

प्रकृती आणि मन

पाणी आणि हवा बदलली की पोट बिघडते. ओआरएसची पाकिटे घरात असावीत आणि पाकिटावरील प्रमाणातच विरघळवावीत. साठवलेल्या पाण्याची पिंपे झाकून ठेवावीत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. ताप दोन दिवसांपेक्षा अधिक राहिला तर सहन करत बसू नये. एक-दोन औषधे घेऊन काम चालू ठेवण्यातले शौर्य मिशन प्रेसिडेंटांच्या पत्नीला, ज्यांच्याकडे सहसा मिशनऱ्यांच्या आरोग्याचे प्रश्न जातात, मुळीच आवडत नाही.

उदास वाटणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, पोहोचल्या दिवशी नाही. जुन्या भागातील एखादे कुटुंब, ज्याच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरत आली होती, ते आता दुसऱ्या कोणाच्या हाती आहे हा विचार छळतो. जुन्या भागात वारंवार फोन करून त्या कुटुंबाची चौकशी केल्याने नव्या जोडीचे काम अवघड होते आणि तुमचेही मन येथे बसत नाही. त्याऐवजी प्रेसिडेंटांना दर आठवड्याला जे पत्र लिहायचे असते, त्यात हे प्रामाणिकपणे लिहावे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठवत नाही असे दोन आठवडे चालले, तर तो श्रद्धेचा दुबळेपणा समजू नये. साथीदाराला आणि प्रेसिडेंटांना सांगून वैद्यकीय मदत मागावी.

पुढच्या जोडीसाठी

एरिया बुकमधील नोंदी बदलीच्या आदल्या रात्री लिहायच्या नसतात. प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहाव्यात: काय बोलणे झाले, काय ठरले, पुढे कोण जाणार. ‘चांगली भेट झाली’ अशी नोंद पुढच्या माणसाच्या काहीच उपयोगी पडत नाही. ‘आजोबांना कमी ऐकू येते, उजव्या बाजूला बसावे, मोठा मुलगा शनिवारी दुपारीच घरी असतो, घर मेडिकलच्या मागे, निळे फाटक’ ही नोंद उपयोगी पडते. कोणाविषयी कठोर शब्द लिहू नयेत, कारण ती व्यक्ती नोंद पाहू शकते असे धरूनच लिहिणे सुरक्षित असते. ट्रान्सफरचा निरोप आला की ज्यांना धडे चालू आहेत त्या प्रत्येकाला शक्यतो ब्रांचमधील त्याच्या मित्राबरोबर भेटावे, नव्या मिशनऱ्याचे नाव कळले असेल तर ते सांगावे, गॅस-वीज-भाड्याच्या पावत्या एका पाकिटात ठेवून पाकीट साथीदाराच्या हाती द्यावे, आणि घराची किल्ली किती जणांकडे आहे हेही त्याला सांगून जावे.